बाण थांबतो तिथे

माझ्या लॅपटॉपवर एक ४१ मिनिटांची फाइल आहे. तिच्यात माणूस दिसत नाही. घरच्या पीसीचा पडदा दिसतो, पडद्यावर एक बिल आणि एक पांढरा बाण. सातव्या मिनिटाला तो बाण डाव्या वरच्या कोपऱ्यात जाऊन थांबतो आणि एक मिनिट चाळीस सेकंद जागचा हलत नाही. पंख्याचा आवाज येत राहतो. मग आतून आईचा आवाज येतो, "झालं का न्हाई अजून?" आणि बाण हलतो.

ही फाइल माझ्या वडिलांनी केलेली आहे, मोडनिंबच्या आमच्या घरी, २०२२ च्या दिवाळीनंतर. ती मी आतापर्यंत चार वेळा पाहिली. चार वेळा पाहिलेले सिनेमे मला बोटांवर मोजता येतील. म्हणून तिच्याबद्दल, आणि ती ज्या प्रकारात मोडते त्या प्रकाराबद्दल, लिहावंसं वाटलं.

स्क्रीन रेकॉर्डिंगला आपण प्रकारच मानत नाही, हीच पहिली अडचण. सिनेमाचं परीक्षण येतं, वेबसिरीजचं येतं, हल्ली रील्सवरही गंभीर लेख येतात. पण ऑनलाइन सातबारा कसा काढायचा, अकरावीचा फॉर्म कसा भरायचा, एक्सेलमध्ये बेरीज कशी करायची, हे दाखवणारे जे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्यांच्याबद्दल कुणी "चांगला होता" किंवा "उपयोग नाही झाला" यापलीकडे बोलत नाही. इंग्रजीत या प्रकाराला नाव मिळालं २००४ मध्ये. जॉन उडेल नावाच्या तंत्रज्ञान स्तंभलेखकाने वाचकांनाच नाव सुचवायला सांगितलं आणि त्यातून 'स्क्रीनकास्ट' हा शब्द रूढ झाला. आपण स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणतो. तेच बरं आहे, कारण त्यात एक प्रश्न दडलेला आहे: रेकॉर्ड होते ती फक्त स्क्रीन. मग बाकीच्याचं काय?

*

माझं पहिलं रेकॉर्डिंग आठवीतलं. घरी सेकंडहँड पीसी होता आणि कुठल्याशा सीडीवर कॅमस्टुडिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळालं होतं. मला गेम खेळतानाचा व्हिडिओ करून मित्रांना दाखवायचा होता. सेटिंगमध्ये कॉम्प्रेशनचे पर्याय होते, त्यात 'अनकम्प्रेस्ड' हा शब्द मला सगळ्यात भारी वाटला. हिशेब नंतर इंजिनिअरिंगला कळला. १०२४ बाय ७६८ चा पडदा म्हणजे ७,८६,४३२ ठिपके. एका ठिपक्याला तीन बाइट. सेकंदाला १५ चित्रं धरली तर सेकंदाला ३५ एमबी, मिनिटाला दोन जीबीपेक्षा जास्त. त्या डब्याला एवढं लिहिणं झेपणारच नव्हतं आणि कॅमस्टुडिओच्या एव्हीआय फाइलचा गळा नेमका दोन जीबीलाच आवळला जायचा. गेम अडखळला, फाइल उघडली नाही, आणि आप्पांनी विचारलं, "हे असं गुरगुरायलंय का?"

आजचं ओबीएस स्टुडिओ हे काम घरच्या साध्या पीसीवर सहज करतं, कारण एन्कोडर प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र घेतो आणि मधल्या वेळात फक्त काय बदललं तेवढं लिहितो. पडद्यावर काहीच हललं नाही तर लिहायलाही जवळजवळ काही नसतं. आप्पांची ४१ मिनिटांची फाइल ८५ एमबीची आहे. त्यातला आवाज १६० केबीपीएसने साधारण ४९ एमबी होतो. म्हणजे चित्रापेक्षा पंखा जड आहे. बाण थांबलेली ती एक मिनिट चाळीस सेकंद चित्राच्या हिशेबात जवळजवळ शून्य आहेत. त्या यंत्राच्या मते तिथे काही घडलंच नाही.

आणखी एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. माउसचा बाण हा बहुतेक वेळा पडद्यावरच्या चित्राचा भागच नसतो. ग्राफिक्स कार्ड तो वरून, वेगळ्या थरावर काढतं, म्हणजे बाण हलला तरी खालचं सगळं चित्र पुन्हा रंगवावं लागत नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला बाण मुद्दाम त्यात घालावा लागतो. ओबीएसमध्ये त्यासाठी एक चौकट आहे, 'कॅप्चर कर्सर'. तिथली टिक काढली की मेनू आपोआप उघडतात, बटणं आपोआप दबतात, घरात भूत शिरल्यासारखी. या प्रकारात माणसाच्या देहाचा जेवढा अंश शिल्लक राहतो तो त्या एका टिकवर अवलंबून आहे.

पहिल्या मोठ्या प्रात्यक्षिकात मात्र असं नव्हतं. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे दीड तास आपली संगणकप्रणाली लोकांना दाखवली. माउस जगासमोर आला तो तिथे. त्या कार्यक्रमाचं चित्रण उपलब्ध आहे, जरूर बघा. त्यात मजकुरावर एंगलबार्ट यांचा चेहरा उमटतो, मधूनच पडदा विभागून त्यांचे हात दिसतात: उजवा माउसवर, डावा पाच कळांच्या एका छोट्या पेटीवर. माउसला माउस का म्हणतात ते आपल्यालाही ठाऊक नाही, असंही ते सांगून टाकतात. पडदा, चेहरा, हात, तिन्ही एकत्र. नंतर आपण घरोघरी जे रेकॉर्डिंग करायला लागलो त्यात पडदा राहिला, चेहरा कोपऱ्यातल्या गोलात गेला आणि हात पूर्ण गेले. या हातांकडे मी पुन्हा येणार आहे.

*

मराठीत या प्रकाराचं सगळ्यात नेटकं काम माझ्या मते आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने केलंय. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या पैशातून उभा राहिलेला हा प्रकल्प. लिनक्स, लॅटेक, सायलॅब, लिबरऑफिस, सी, पीएचपी अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारी, साधारण दहा-दहा मिनिटांची स्क्रीन रेकॉर्डिंग्ज, आणि त्यांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. आमच्या पिढीतल्या बऱ्याच इंजिनिअरांनी कॉलेजच्या लॅबमध्ये हेडफोन लावून ती ऐकली आहेत, नंतर ऑनलाइन परीक्षा दिली आहे आणि सर्टिफिकेट फाइलला लावलं आहे. मीही त्यातलाच, सोलापूर जिल्ह्यातल्याच एका कॉलेजातला. तेव्हा कंटाळा यायचा. आता परत पाहताना त्यातली शिस्त दिसते.

शिस्त अशी: आधी दोन रकान्यांची संहिता लिहायची. एका रकान्यात पडद्यावर काय दिसणार, दुसऱ्यात आवाज काय बोलणार. ती संहिता विषय न येणाऱ्या माणसाला देऊन बघायची, त्याला त्यावरून काम जमतं का. मगच रेकॉर्ड करायचं. शिकणाऱ्याने एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला खरं सॉफ्टवेअर अशा दोन विंडो शेजारी ठेवायच्या. व्हिडिओ थांबवायचा, स्वतः करायचं, पुढे जायचं. शिकवणारा समोर नाही हे गृहीत धरून रचलेली ही रचना आहे. मराठीत एकट्या वाचकासाठी, त्याचा अपमान न करता, इतक्या धीराने लिहिलेलं तांत्रिक गद्य मला फारसं भेटलेलं नाही. ते पुस्तकात नसून कानात आहे, म्हणून आपण त्याला गद्य म्हणत नाही एवढंच.

तरीही त्यात दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे डबिंग. मूळ चित्र एकच असतं, आवाज भाषेगणिक बदलतो. अनुवादाच्या संहितेत प्रत्येक वाक्यापुढे वेळ लिहिलेली असते, कारण बाण तेवढ्या सेकंदाला तिथे पोचलेला असतो आणि तो आता बदलता येत नाही. त्यामुळे कधी मराठी वाक्य बाणामागे धावतं, कधी आधीच संपून त्याची वाट बघत उभं राहतं. पडदा इंग्रजी, आवाज मराठी. शिकणारा मधल्या बांधावर. 'फाइल मेनूवर क्लिक करा' हे वाक्य मराठी आहे की नाही यावर वाद घालण्यात मला रस नाही. ते ऐकताना बाणाची चाल दुसऱ्या वाक्याची आहे हे जाणवतं, मला त्याचं वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्यातला बाण कधी शोधत नाही. तो पडद्यावर सरळ योग्य ठिकाणी जातो. सी आणि सी प्लस प्लसच्या मालिकेत चुकाही दाखवल्या आहेत: अर्धविराम मुद्दाम गाळायचा, कंपायलरची कुरकुर वाचायची, मग दुरुस्त करायचं. हे फार चांगलं आहे, बाकीचे शिकवणारे एवढंही करत नाहीत. पण ती चूक ठरवून केलेली असते. तिच्यात माहीत नसण्याचा क्षण नसतो. आणि शिकणाऱ्याचा सगळा वेळ तर त्याच क्षणात जातो.

पडद्यावरच्या शिकवणीचं आमच्या माढा तालुक्याला तसं नवल राहिलेलं नाही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, त्यातून कविता, धडे, व्हिडिओ उघडायला लागले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर असे कोड छापून येऊ लागले. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं आणि दहा लाख डॉलरमधली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. त्या दिवशी मोडनिंबमध्ये प्रत्येकाच्या स्टेटसला तेच होतं. पण वर्गात कोड उघडतो तेव्हा गुरुजी तिथेच असतात. पोराची भुवई वर गेली की त्यांना दिसतं. रेकॉर्डिंग एकटं पाठवलं की ही भुवई बघायला कुणी नसतं.

*

माहीत नसण्याचा हा क्षण सिनेमाने मात्र बरोबर हेरला. अनीश चगंती या दिग्दर्शकाचा 'सर्चिंग' हा २०१८ चा सिनेमा संगणक आणि फोनच्या पडद्यांवरच घडतो. हरवलेल्या मुलीला तिच्या लॅपटॉपमधून शोधणारा बाप. सुरुवातीच्या काही मिनिटांत घरच्या जुन्या पीसीवरून त्या कुटुंबाची वर्षं सरकतात. आजारी आई घरी येणार ही कॅलेंडरमधली नोंद पुढे ढकलली जाते आणि शेवटी पुसली जाते. एका कॅलेंडरची नोंद पुसताना थिएटरमध्ये माणसं रडली. नंतर बाप मुलीला मेसेज लिहितो, त्यात तिच्या आईचा उल्लेख करतो आणि न पाठवताच खोडून टाकतो. टाइप होऊन खोडलेलं वाक्य हा या प्रकाराचा खास अलंकार आहे. नाटकात तो जमत नाही, कादंबरीत सांगावा लागतो, इथे तो नुसता दिसतो.

आपल्याकडे महेश नारायणन यांचा मल्याळम सिनेमा 'सी यू सून' १ सप्टेंबर २०२० ला प्राइम व्हिडिओवर आला. लॉकडाऊनमध्ये, आयफोनवर चित्रित केलेला. फहद फासिलचा केविन आपल्या भावाच्या ऑनलाइन प्रेमिकेचा माग काढतो. त्या वर्षी आपण सगळे ज्या खिडक्यांमध्ये राहत होतो त्याच खिडक्यांमध्ये तो घडतो, म्हणून तो जवळचा वाटला. त्याआधी २०१४ मध्ये केविन बी. ली यांनी 'ट्रान्सफॉर्मर्स: द प्रीमेक' हा माहितीपट असाच डेस्कटॉपवर बांधला होता: फोल्डर उघडतात, व्हिडिओच्या खिडक्या एकमेकींवर पडतात, आणि हॉलिवूडचा सिनेमा लोकांच्या मोबाइल चित्रणाचा कसा वापर करून घेतो याचा युक्तिवाद तयार होतो. तिथे डेस्कटॉप हेच वाक्य.

हे तिन्ही मला आवडतात. पण 'सर्चिंग' आणि 'सी यू सून' बघताना एक गंमत लक्षात येते. ही खरी स्क्रीन रेकॉर्डिंग्ज नाहीतच, त्यांची अत्यंत मेहनतीने केलेली नक्कल आहे. 'सर्चिंग'चं अभिनेत्यांबरोबरचं चित्रीकरण दोन आठवड्यांच्या आत आटोपलं, पडदे रचून हलवण्याचं आणि संकलनाचं काम मात्र दीडेक वर्षाहून जास्त चाललं. बाण कधी थबकणार, कुठलं अक्षर आधी पुसलं जाणार, सगळं बसवलेलं. आणि आपण चुकून दुसरीकडे बघू नये म्हणून चित्र त्या ओळीवर झूम होतं, खाली संगीत वाजतं. बाण थबकला की का थबकला हे आपल्याला लगेच कळतं.

खऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ते कळत नाही. हे मला कळलं ते आप्पांच्या फाइलमुळे.

*

आप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमच्या भागात ऊस आणि विहिरी-बोअर, त्यामुळे मोटारी. व्होल्टेज खाली-वर होतं, त्यामुळे जळालेल्या मोटारी. बिलं आयुष्यभर हातानेच लिहिली. मग पाणीपुरवठ्याच्या मोटारींची कामं यायला लागली आणि टाइप केलेलं, तपशीलवार बिल मागायला लागले. मी पुण्याहून घरी गेलो तेव्हा पीसीवर लिबरऑफिस टाकलं, एक नमुना बिल तयार केलं, विंडोजचा मराठी फोनेटिक कीबोर्ड चालू करून दिला आणि परत पुण्याला येऊन सहा मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवला: मागचं बिल उघडा, नव्या नावाने सेव्ह करा, नाव बदला, रकमा बदला, पीडीएफ करा, पाठवा.

व्हिडिओ चांगला झाला होता. मी ऑफिसात नवीन आलेल्यांसाठी असे व्हिडिओ करतो, माझं त्याबद्दल नाव आहे. अडखळलेलं सगळं कापलं होतं. आवाज स्वच्छ होता. आप्पांनी तो फोनवर चालवून, फोन मॉनिटरला टेकवून बघितला. दोन दिवसांनी म्हणाले, "तू लई पळतूस." मी म्हटलं, मग थांबवून थांबवून बघा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ती खिडकी येतच न्हाई." कुठली खिडकी ते त्यांना सांगता येईना, मला समजेना. आवाज माझाच चढला. शेवटी मी दूरवरून ओबीएस बसवून दिलं. फाइल एमकेव्हीमध्ये ठेवली, कारण एमपी४ ची अनुक्रमणिका सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते आणि मध्येच वीज गेली तर अख्खी फाइल जाते. एमकेव्हीत तिथपर्यंतचं तरी उरतं. म्हटलं, एफ९ दाबायचं, जे करताय ते करत राहायचं, झालं की परत एफ९. कुठे चुकताय ते मी बघतो.

फाइल ड्राइव्हवर आली त्या रात्री मी ती दुप्पट वेगाने लावली. सवयीनेच. दुप्पट वेगात आप्पा इकडून तिकडे भरकटताना दिसले. बाण वरच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे जातोय, परत येतोय, एकेका चित्रावर थांबतोय, त्याचं नाव पिवळ्या चौकटीत उमटतंय, पुढच्यावर जातोय. मला वाटलं, काय करतायत हे? म्हणून मागे जाऊन साध्या वेगात लावली.

ते खिडकी शोधत होते. माझ्या व्हिडिओत सहासष्टाव्या सेकंदाला 'सेव्ह ॲज'ची खिडकी उघडते. ती कुठून उघडते ते माझ्या व्हिडिओत दिसत नाही. कारण मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस एकदम दाबलं होतं. दहा वर्षांची सवय, मला ते दाबल्याचं आठवतही नव्हतं. बोलताना मी फक्त "आता नव्या नावाने सेव्ह करू" एवढंच म्हणालो. बाण जागचा हलत नाही आणि खिडकी आकाशातून पडते. स्क्रीन रेकॉर्डिंग कळ दाबलेली दाखवत नाही. त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर असतात, लिनक्सवर स्क्रीनकी, मॅकवर कीकास्टर, ती मी वापरली नव्हती. एंगलबार्ट यांनी १९६८ मध्ये हात दाखवले होते. मी कापले.

मग सातव्या मिनिटाची ती एक मिनिट चाळीस सेकंदं. बाण ज्या चित्रावर थांबलाय ते साध्या 'सेव्ह'चं आहे. पिवळ्या चौकटीत नाव उमटून विरलंय. दाबलं तर मागच्या महिन्याचं बिल पुसून त्यावर हे बसणार, हे आप्पांच्या लक्षात आलंय. नमुना बिलात त्यांनी गावाचं नाव आधीच बदललेलं आहे. ते दाबत नाहीत. काही न करता बसून राहतात. आईचा आवाज येतो. बाण हलतो, पण त्या चित्रावरून बाजूला. पुढे ते फाइल मेनूसुद्धा उघडतात, वरून खाली सगळी नावं बाणाने एकेक करून वाचतात, 'सेव्ह ॲज'वरही थांबतात आणि मेनू बंद करतात. माझ्या व्हिडिओत मेनू उघडलेलाच नव्हता. आपल्याला दाखवलेली खिडकी यातूनच येईल असं त्यांनी का मानावं?

तेराव्या मिनिटाला आप्पा जुनं बिल न साठवता बंद करतात. एक नवी कोरी शीट उघडतात. आणि अख्खं बिल पहिल्यापासून टाइप करतात. 'रि', 'रिव', 'रिवा', अक्षरं जुळत जातात. १० एचपी सबमर्सिबल रिवाइंडिंग. थ्रस्ट बेअरिंग. बुश. केबल जॉइंट. रकाने सरळ येत नाहीत तेव्हा स्पेस मारून आणतात. वीस मिनिटं. शेवटी साधं 'सेव्ह' दाबतात. कोऱ्या शीटला नाव नसतं, त्यामुळे नाव विचारणारी खिडकी आता उघडते. तीच खिडकी. बाण तिच्यावर क्षणभर थांबतो. माइकमध्ये एकच शब्द आलाय, "हां."

मी कुठे चुकताय ते बघायला बसलो होतो. ४१ मिनिटांत त्यांची एकही चूक नाही. वेळ लागलाय तो एका सावधपणामुळे, आणि तो सावधपणा मला ओळखू यायला हवा होता, कारण मी त्यातच वाढलो. जळालेली मोटार उघडली की आप्पा पोराला जुनी वायर लगेच कापू देत नाहीत. आधी स्लॉट किती ते मोजायचं, कॉइलचे टर्न मोजायचे, वायर गेजमध्ये घालून बघायची, कॉइल किती स्लॉट ओलांडून बसलीय ते वहीत लिहायचं. मगच कापायचं. कारण आधीच्या कारागिराने काय केलं होतं याची नोंद त्या जळालेल्या तारेतच असते, ती गेली की परत मिळत नाही. जुनं पुसलं जाईल अशी शंका आली की हा माणूस हात मागे घेतो. दुकानात आम्ही त्याला कसब म्हणतो. पडद्यावर मी त्याला 'आप्पांना कॉम्प्युटर जमत नाही' म्हणत होतो.

बिल झाल्यावर ते परत एफ९ दाबायला विसरले. पुढची आठेक मिनिटं त्यांनी स्वतःसाठी काहीतरी शोधलंय, वाचलंय. पहिल्यांदा मी ते नकळत थोडं बघितलं आणि बंद केलं. ते काय होतं ते इथे लिहिणार नाही. चार वेळा फाइल पाहिली म्हणतो ती तेहतिसाव्या मिनिटापर्यंत. पडद्याचं रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर हा फरक करत नाही, आपल्याला दाखवायचं काय आणि नुसतंच दिसलेलं काय. २०२४ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' जाहीर केलं, दर काही सेकंदांनी पडद्याचं चित्र टिपून ठेवणारं, तेव्हा एवढा गदारोळ झाला की ते पुढे ढकलावं लागलं. माझ्या क्षेत्रात अनेकांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर असं काहीतरी बसवलेलं असतं. बाण बराच वेळ हलला नाही तर माणूस रिकामा बसलाय असं धरलं जातं. आप्पांची ती एक मिनिट चाळीस सेकंदं अशा तक्त्यात लाल दिसली असती.

*

तर समीक्षा म्हणून मला एवढंच म्हणायचंय. चांगलं स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणजे अडखळणं कापलेलं रेकॉर्डिंग, ही आपली कसोटी चुकीची आहे. ती जाहिरातीची कसोटी आहे. शिकवणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये बाणाला शोधू द्यावं. मेनू उघडून वाचावा. जी कळ दाबली ती बोलून दाखवावी, शक्य असेल तर हात दाखवावा. आणि जिथे समोरच्याला भीती वाटेल, 'हे दाबलं तर जुनं जाईल का', तिथे थांबून त्या भीतीचं उत्तर द्यावं. स्पोकन ट्युटोरियलवाल्यांनी विषय न येणाऱ्या माणसाकडून संहिता तपासून घ्यायची पद्धत घातली ती उगीच नाही. माझा व्हिडिओ मी कुणाला दाखवला होता? मलाच.

त्यानंतर मी तोच व्हिडिओ पुन्हा केला. अकरा मिनिटांचा झाला. तो बघून आप्पा म्हणाले, "आता बरोबर हाय. पर मी माझ्या पद्धतीनंच करतू." अजूनही ते प्रत्येक बिल कोऱ्या शीटवर पहिल्यापासून टाइप करतात. आता दहा मिनिटांत होतं.

हा लेख लिहिण्याआधी फोन करून विचारलं, तुमच्या फाइलबद्दल लिहू का. म्हणाले, "कशाला? त्यात काय हाय?" मग जरा थांबले. म्हणाले, "लिही. रकमा टाकू नकू फक्त."